जाळ्यासमोर उभा राहणारा केंजी

मालवणजवळच्या तोंडवलीहून मी निघाले तेव्हा कोणी रडलं नाही. नवरा गेल्याला वर्ष व्हायचं होतं, रडणं तेव्हाच आटपलं होतं. साल अठ्ठ्याण्णव. मुलगा दिगू गोव्यात वास्कोला बंदरावर नोकरीला, तो न्यायला आला होता. एक ट्रंक आणि सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन मी एसटीत बसले. धाकटी जाऊ सुनंदा फाट्यापर्यंत आली. म्हणाली, "वयनी, थंय जावन आमका इसरा नको." मी म्हटलं, "माझ्या परड्यातलो माड तेवढो सांभाळ. इसरूचा काय ता मी बघतंय."

आई म्हणायची, "बायल माणसान खंयय गेला तरी पयली चूल बघूची, माणसां मगे." वास्कोच्या फ्लॅटमध्ये चूल नव्हती, गॅस होता. माणसं सकाळी कामावर जायची. मग मी काय बघणार? डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी बाई मी, तिथे दारावर येणाऱ्या बाईकडून मासे घ्यायला लागले. ती मला फसवायची आणि मी तिला ते सांगायची. तेवढीच माझी ओळख झाली त्या गावात.

अशी काही वर्षं गेली. गच्चीवर आमची एक खोली होती, ती दिगूने एका फुटबॉल क्लबला भाड्याने दिली. क्लबने तिथे एक जपानी आणून ठेवला. केंजी नाव. गोलकीपर. जेवण आमच्याकडे. मला वाटलं, हा आता काय खाणार! पहिल्या दिवशी भात आणि मीठ लावून भाजलेला बांगडा वाढला. त्याने काटा असा स्वच्छ करून ठेवला की मांजराला काही उरलं नाही. मी सुनेला म्हटलं, "ह्यो आपलोच आसा."

वर्षभरात तो मोडकंतोडकं कोंकणी बोलायला लागला. त्यातून मला त्याची हकीकत कळली. त्याचं गावही समुद्रावरचं, बापाची होडी. शाळेत उंच होता म्हणून मास्तरांनी त्याला गोलात उभा केला. अठराव्या वर्षी शहरातल्या क्लबने नेला. निघताना बाप एवढंच म्हणाला, "हात सांभाळ. उद्या जाळं ओढायला लागतील." म्हणजे हा परत येणार, असं बापाने तेव्हाच धरलं होतं. तिथे त्याच्याहून चांगला गोलकीपर होता. बाकीच्या खेळाडूंना दमले तर बदलतात, गोलकीपरला कोण बदलतो? हा कित्येक वर्षं बेंचवर बसला. रोज सराव करायचा, कपडे घालायचे, बसायचं आणि न मळता घरी यायचं. शेवटी क्लबने सोडला, तेव्हा सिंगापूरला गेला आणि मग गोव्यात आला. इथे त्याला उभं राहायला मिळालं. दोन सीझन सगळ्या मॅच खेळला.

मी एक मॅच बघितली. सगळे पळत होते आणि हा लांब एकटा ओरडत होता. बघायला काही मजा नाही. पण घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला होता आणि तोंड असं होतं की मी पाय पुसायलासुद्धा सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्याचा खांदा निखळला. पुन्हा बसवला, पण क्लबने सांगितलं, पावसाळ्यानंतर परत बघू. खांदा टिकला तर खेळ, नाहीतर लहान मुलांना शिकव, पगार देऊ. हा शिकवायचं नाव काढू देईना. गोलात उभा राहीन, नाहीतर जाईन. बस.

त्या चवथीला मी त्याला घेऊन तोंडवलीला गेले. एकटा गच्चीवर बसून खांदा चोळत राहिला असता. गणपती पोचवून झाल्यावर किनाऱ्यावर रापण लागली. रापण म्हणजे होडीने मोठं जाळं समुद्रात गोल टाकून येतात आणि दोन्हीकडचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. माझा दीर वासू, सुनंदाचा नवरा, रापणीचा म्होरक्या. त्याने केंजीला विचारलं, "तू काय काम करतंस रे?"

केंजीने हाताने दाखवलं, मागे जाळं असतं, मी पुढे उभा राहतो, आत काही जाऊ देत नाही.

वासू हसून वाळूत बसलाच. "ऐकलास रे! आमी जाळ्यात येवंक व्हया म्हणान मरतंव, आणि ह्येका येवंक नको म्हणान पगार!"

सगळे हसले, केंजीपण हसला आणि त्याने दोर धरला. वासूचं लक्ष होतं. थोड्या वेळाने मला म्हणाला, "वयनी, ह्येचो खांदो बरो नाय. एका हातान ओढता तो." मग त्याने केंजीच्या पाठीवर थाप मारली आणि मागे बोट दाखवलं. ओढलेला दोर मागे एक माणूस गोल घालत जातो, त्या जागी जा म्हणून. आमच्याकडे ज्याची कंबर गेली, खांदा गेला, त्याला तिथे ठेवतात. दोर नीट घातला नाही तर पुढच्या वेळी जाळं टाकतानाच गुंता होतो, म्हणून तिथे जाणता माणूस लागतो. वाटा सगळ्यांइतकाच.

केंजीने मागे बघितलं. तिथे एक म्हातारा बसून होता. केंजीचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, हासुद्धा बेंचच. "नाका," म्हणजे नको, म्हणाला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मी ओरडले, "अरे सोड मेल्या, खांदो जातलो!" तो सोडतोय कसला. जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं होतं, तेव्हा तो खाली बसला. हात लोंबत होता.

मालवणला डॉक्टरने खांदा बसवला आणि सांगितलं, खेळ संपला. संध्याकाळी परत आलो तर पडवीत माशांचा वाटा ठेवलेला. वासू म्हणाला, "दोर धरलो, वाटो झालो." केंजी कितीतरी वेळ त्या माशांकडे बघत राहिला. त्या म्हाताऱ्याला किती वाटा मिळाला, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "तुझ्याइतकोच."

मुलांना शिकवायला तो तयार झाला नाही. महिन्याभरात जपानला गेला. विमानतळावर रडला तो, मी नाही.

पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. घरी गेला तर बापाने जेवायला वाढलं. सकाळी हा उठला तर होडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. बापाने आणि भावाने याच्याशिवाय काम करायची सवय करून घेतली होती. बसायला मात्र चांगली जागा द्यायचे. शेवटी त्याने जवळच्या गावात खोली घेतली आणि आता शाळेतल्या पोरांना गोलात उभं राहायला शिकवतो. म्हणाला, "आजी, तो म्हातारा आसा?" मी म्हटलं, आहे, अजून दोर घालतो.

मला त्याचं म्हणणं कळलं, कारण माझंही तेच झालंय. वास्कोला बारा वर्षं झाली. तिथली मासेवाली आता मला फसवत नाही, त्यामुळे बोलायलाही काही उरलेलं नाही. तोंडवलीला आले की सुनंदा पडवीत खुर्ची टाकते. काही उचलायला गेले तर म्हणते, "ऱ्हवांदेत वयनी, तुमी दमून इल्यात." मी दमलेय हे खरं, पण खुर्चीत बसून जास्त दमते.

तेव्हा सुनंदा, वासू आणि जे कोणी मागे राहिलात त्यांना सांगते. चवथीला मी येणार. खुर्ची टाकू नका. नारळ सोलून ठेवा आणि मला खवणीच्या आडाळ्यावर बसवा. हात चालतो तोवर खवीन. आणि आमच्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांनी कोणी दोर घालायची मागची जागा दाखवली तर गुपचूप जाऊन बसावं.