सेकंडकाकांचा बारावा डिसेंबर

बॅले चालू असताना मी व्हायोलिनवर एक हरकत घेतली. कागदावर नसलेली, माझ्या मनची. नातवंडांना सांगताना मी त्यात माझं थोडं कौतुक मिसळते. इथे खरं तेच लिहिते. पुण्याहून संगीत विशारद होऊन बहरीनला गेलेली मी, अक्कल बहुतेक विमानतळावरच विसरले होते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या एका हॉलमध्ये दर ख्रिसमसला आमचा हौशी ऑर्केस्ट्रा आणि नाच शिकणाऱ्या मुली मिळून बॅले करत. दरवर्षी तोच. फर्स्ट व्हायोलिनकडे चाल. आम्ही चौघं सेकंडवाले, आमच्याकडे नुसता ठेका. माझ्या शेजारी नागपूरचे एक टेक्निशियन बसत. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे कागद बघून वाजवणं त्यांना लहानपणापासून येई. अकरा वर्षं सेकंडच वाजवलं, म्हणून ते माझे सेकंडकाका.

काकांइतका दमलेला माणूस मी पाहिला नाही. कारखान्यातली नाइट शिफ्ट करून थेट तालमीला येत. थर्मासमधला काळा चहा ओतत म्हणत, "आला जी डिसेंबर. चला, बर्फ पाडू." बाहेर वाळू, आत स्टेजवर कापसाचा बर्फ. शेवटचा सूर वाजला की कागद मिटून "खलास" म्हणत, आणि पुढच्या वर्षी शिफ्ट बदलून घेऊन पुन्हा हजर.

"एवढा कंटाळा येतो तर सोडत का नाही?" मी एकदा विचारलं.

"कारखान्यात मी नाही गेलो तर दुसरा येते. इथं खुर्ची रिकामी राहते."

बाराव्या वर्षी ती खुर्चीच धोक्यात आली. कंडक्टर म्हणजे शाळेत संगीत शिकवणारा एक गोरा गृहस्थ. काका तालमीत डुलक्या घेतात म्हणून तो चिडला होता. शोमध्ये एक जरी चूक झाली तरी पुढच्या वर्षी येऊ नका, असं त्याने बजावलं. काका मला म्हणाले, "ताई, डोळा लागला तर कोपर मारा. लाजू नका."

दुपारचा शो. मी कोपर सरसावून बसले, तर काका टक्क जागे. तेच ते चार सूर घासून कंटाळले ती मीच. बर्फाच्या नाचात एक हरकत घेतली आणि सुरावर रेंगाळले. मनात म्हटलंसुद्धा, वा. इकडे बाकीचे गोंधळले आणि ठेका सुटला. उडी घेतलेली दहा वर्षांची मुलगी खाली आली ती गुडघ्यावर. त्याच क्षणी काकांनी एकट्याने, गज तारांवर आपटावा तसा, दणदणीत ठेका धरला. मुलगी उठली आणि पुढची गिरकी तालात घेतली.

कंडक्टरला माझी हरकत ऐकूच गेली नाही, काकांचा दणका तेवढा गेला. शो संपल्यावर सगळ्यांदेखत त्याने काकांना सांगितलं, तुमचं आता पुरे. काका म्हणाले, "सॉरी सर." आणि मी? मी मान खाली घालून गजाला राळ लावत होते. वाजवण्याआधी लावायची राळ शो संपल्यावर कोण लावतं?

काकांच्या गाडीतून बुसैतीनला घरी येताना मला कंठ फुटला. "मी उद्या सांगते त्याला," म्हटलं. ते नुसतं "इंशाल्ला" म्हणाले. मी सांगितलं ते वर्षभराने. तोवर व्हिसा संपून काका कायमचे नागपूरला गेले होते.

शोच्या त्या संध्याकाळी आमच्या दारात त्यांनी गाडी थांबवली, मागच्या सीटवरून माझी व्हायोलिनची पेटी काढून हातात दिली आणि म्हणाले,

"हरकत चांगली होती, ताई. पण पोरगी तेव्हा हवेत होती ना."