गाबोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फादरनाही नाही — आणि कन्फेशनला तर मी नेमाने जातो. चिडलो, आळस केला, असली किरकोळ पापं सांगून बाहेर येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. येईल ना?

माझा दादा, पास्कल, या हिवाळ्यात गेला. आम्ही दोघेही कॅनडात आलो; तो केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात होता. मी हॅलिफॅक्सला, विद्यापीठाच्या लायब्ररीत. वाढलो दोघेही वसईच्या किनाऱ्यावर, मासळीच्या वासात. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या, कारण तेव्हा मासा गाबोळी धरतो, पोटात अंडी असतात — हे आम्ही शाळेच्या आधी शिकलो. दादाला तळलेली गाबोळी इतकी आवडे, की आई माझ्या ताटातली उचलून त्याला वाढायची. ही गोष्ट मी उगाच सांगत नाही आहे.

रिटायर झाल्यावर त्याची एकच हौस राहिली होती. जंगली सॅल्मन एकदा गळाला लागलेला बघायचा. तो माझ्याकडे आला, आणि बरोबर बावतीसला घेऊन आला. बावतीस आमच्याच गावचा, कारखान्यात दादाच्याच शिफ्टला, आणि दादाच्या मुलीचा, रीनाचा, धर्मपिता. मी त्या दोघांना केप ब्रेटन बेटावरच्या एका नदीवर घेऊन गेलो. पानं लाल व्हायला लागली होती.

जायच्या आधी मी खूप वाचलं होतं. समुद्रात गेलेला सॅल्मन आता पूर्वीसारखा अंडी घालायला नदीत परत येत नाही. कुणी म्हणतं पाणी तापलंय, कुणी म्हणतं पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांचे रोग, आणि खरं कारण नक्की कुणालाच ठाऊक नाही. वाचून मला वाईट वाटलं. की वाचलेलं दुसऱ्याला ऐकवायला मिळणार, याचं बरं वाटलं? नदीकाठी बोर्ड होता — प्रत्येक सॅल्मन जिवंत सोडून द्यायचा. खाली नंबर होता, कुणी मासा ठेवताना दिसलं तर कळवायला. तो नंबर मला पाठ झाला. का झाला? तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. निदान असं मी स्वतःला सांगत आलोय.

दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलो. मासा सोडा, पाण्यावर एक उसळीसुद्धा दिसली नाही.

“मास्तर, तुझ्या पुस्तकात एवढे मासे, मग नदीत का नाहीत?” दादा ओरडला. मला तो मास्तरच म्हणायचा.

“सॅल्मन म्हणजे रावसाचा गोरा भाऊ,” बावतीस म्हणाला. “अपॉइंटमेंटशिवाय भेटत नाही.”

“एक मिळू दे, मी नाही सोडणार बघ. कोण बघतंय इथे?”

“मी बघतोय ना! तुझ्या नावाने फोन करीन हां, पास्कल.”

आम्ही तिघेही हसलो. मी जरा कमी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दादा जागेवर नव्हता, त्याची गाडीही नव्हती. परत आला तो बाह्या भिजलेल्या, आणि हातात कूलर, झाकणाला चिकटपट्टी लावलेला. मी उचलायला पुढे झालो तर म्हणाला, “हात नको लावू. घरी गेल्यावर.” मग तो आम्ही उतरलो होतो त्या केबिनच्या मागे जाऊन वहिनीशी फोनवर बोलायला लागला. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहिलो — हो, ऐकायलाच उभा राहिलो. आवाज दबलेला, पण खूश. “अगं, गाबोळी! ... हो, हो, कुणाला बोलत नाही. मास्तरला पण नाही. घरी गेल्यावरच.”

झालं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. अंड्यांनी भरलेली मादी, दगडाने ठेचलेलं डोकं, बर्फ. निघायच्या आधी मी त्याला सरळ विचारू शकलो असतो. सख्खा भाऊ होता. एक वाक्य पुरलं असतं.

वाटेत पेट्रोलला थांबलो. मी वॉशरूमला जातो म्हणालो आणि आतून बोर्डावरच्या त्या नंबरला फोन केला. गाडीचा रंग सांगितला, नंबर प्लेट सांगितली. कूलर मागच्या सीटवर आहे, हेही सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं नाही.

पुढे मासेमारी खात्याच्या लोकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. अधिकारी बाई तरुण होती, सभ्य होती. तिने चिकटपट्टी कापली. आत ओला पेपर, आणि पेपराखाली जिवंत शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, नांग्यांना रबर लावलेल्या. बंदरावरच्या दुकानाची पावतीही होती. दादा त्याच्या इंग्रजीत समजावत होता — हे ब्रदरच्या घरी पार्टीसाठी, सरप्राइज. माय डॉटर, बेबी होणार आहे. बाई हसली, अभिनंदन म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या. दादाची टोपी त्याच्याच हातात होती, ती त्याने का काढली होती कोण जाणे.

गाबोळी म्हणजे ते. आमच्या घरात कुणी पोटुशी राहिली की बाबा असंच म्हणायचे, “गाबोळी आहे.” जगात किती घरांत हा शब्द असा वापरत असतील? आमच्या एकाच घरात, बहुतेक. आणि त्या घरातला मी.

दादाने विचारलं, कुणी कळवलं. ती म्हणाली, ते सांगता येत नाही, फोन आला होता. दादाने मान वळवून बावतीसकडे बघितलं.

“अरे, मस्करी होती ती, पास्कल! आयशप्पथ!”

दादाने टोपी परत डोक्यावर घातली. मी शेवंडींकडे बघत राहिलो.

रीनाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तिच्या धर्मपित्याला आमंत्रण गेलं नाही. बावतीसने बरेच फोन केले, मग तोही थांबला. एकाच चर्चमध्ये दोघे वेगवेगळ्या वेळच्या मिसेला जाऊ लागले. ख्रिसमसला दादाचा फोन आला की तो एकदा तरी म्हणायचा, “त्याने असं का केलं असेल रे, मास्तर?” आणि मी म्हणायचो, “माणसाचं काही सांगता येत नाही, दादा.” हे मी दरवर्षी म्हटलं.

मी मासे वाचवत होतो का? फार वर्षं तसंच समजत होतो. पण फोन करताना माझ्या मनात मासा नव्हता. मनात होतं की पुन्हा एकदा गाबोळी यालाच मिळाली, आणि पुन्हा मला कळू न देता. तो एकदा तरी पकडला जावा, एवढंच मला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी मी त्याच्याजवळ होतो. वहिनी खाली कॉफी आणायला गेली होती. तो म्हणाला, “बावतीसला बोलाव. विचारायचंय.” मी हो म्हणालो. बोलावलं नाही. समोरासमोर आले असते, तर बावतीस काय म्हणाला असता हे मला माहीत होतं. आणि या खेपेला दादाने कदाचित विश्वास ठेवला असता.

अंत्यविधीला बावतीस आला, पण आत आला नाही. पार्किंग लॉटमध्ये बर्फात उभा होता. आता म्हातारा दिसतो, कान झाकणारी टोपी घालतो. मी बाहेर गेलो. त्याने विचारलं, “शेवटी माझं नाव तरी काढलं का रे त्याने?”

मी म्हणालो, “जाऊ दे ना, बावतीस. आम्ही कुणी मनात ठेवलेलं नाही.”

त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाला. रडत होता. मी हात काढून घेतला नाही.