कोरडे डोळे आणि मिरचीवाले व्याही

आता काय सांगू तुम्हाला! लोक जिभेनं लग्नं मोडतात. माझी जीभ त्या कामी आमच्या अख्ख्या सोसायटीत प्रसिद्ध आहे. पण मी पोटच्या पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघालो, ते डोळ्यांनी! घ्या, चहा घ्या आधी. हसा खुशाल. मला मात्र अजून आठवलं की कसंतरीच होतं.

मी घरी बसून बिल्डर लोकांची ड्रॉइंग्ज करतो. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो की मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, जेवायला हाक मारेपर्यंत हलत नाही. डोक्यावर पंखा फुल्ल. पापण्या मिटायच्या असतात हेसुद्धा विसरतो माणूस. तर झालं काय, डोळे चुरचुरायला लागले. कुणी मूठभर वाळू टाकावी तसे. लाल इतके, की गेटवरचा वॉचमन सकाळी सकाळी माझा वास घेऊन बघायचा. आणि पाणी? सारखं आपलं गालावर.

मंगलनं धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, दिवा मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे?" मी रुमाल पिळून दाखवायच्या बेतात. "अहो, इथे नळ गळतोय आणि तुम्ही म्हणता टाकी रिकामी?"

"कोरडे पडतात म्हणून चुरचुरतात. चुरचुरतात म्हणून पाणी येतं. पण ते पाणी डोळ्यात टिकत नाही, वाहून जातं. हे थेंब घाला, गरम कपड्यानं शेक द्या, पंखा कमी करा आणि मधूनमधून पापण्या मिटा."

"म्हणजे पाण्यात आणखी पाणी घालायचं?"

"वाद घालायचा असेल तर बाहेर बाक आहे," बाई म्हणाल्या. "पुढचे कोण आहेत?"

आता सांगा, पुणेकराचा अपमान पुणेकरानंच केला तर तो औषध घेईल का? मी ती चिठ्ठी खिशात घातली ती घातलीच. एका मित्रानं लाली घालवणारे थेंब सांगितले, ते दुकानातून आणले. पहिले काही दिवस डोळे पांढरेशुभ्र! मी मंगलला आरशासमोर उभं राहून भाषण दिलं. मग लाली दुप्पट होऊन परत आली. मग मी थेंबही दुप्पट केले. अक्कल बघा!

आणि नेमकं त्याच सुमारास सायलीचं लग्न निघालं.

सायली आमची एकुलती एक. खराडीला नोकरी करते, तिथेच तिचा रोहित भेटला. मुलगा गुणी, शांत. पण वडील मार्केट यार्डात मिरचीचे व्यापारी. हे ऐकल्याबरोबर मी म्हणालो होतो, "म्हणजे आमची इंजिनिअर पोरगी मिरचीच्या पोत्यांवर बसून माश्या मारणार!" घरात म्हणालो होतो हो! पण सायलीनं रागाच्या भरात ते रोहितला सांगितलं आणि रोहितच्या घरी कसं पोचलं कोण जाणे.

म्हणून त्यांचं घर बघायला निघालो तेव्हा पोरगी दारातच आडवी आली. "बाबा, प्लीज. आज एकही टोमणा नाही. मला रोहितशीच लग्न करायचंय. आणि आईनं आणून ठेवलेले ते डॉक्टरांचे थेंब घाला ना!"

"टोमणा नाही, कबूल," मी म्हणालो. थेंबांचं मात्र मी ऐकलं नाही.

रोहितचे वडील बबनराव. मूळचे वाघोलीकडचे, आडवा बांधा, मोठा आवाज आणि मोठं मन. पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून त्यांनी मला बरोब्बर एसीच्या तोंडाशी बसवलं. पोहे आले. आणि माझे डोळे सुरू झाले!

आधी एक थेंब. मग दुसरा. मग धारच लागली. पोह्यांवरच्या खोबऱ्यावर टपकन् पडलं तेव्हा बबनराव बोलायचे थांबले.

"साहेब, काय झालं?"

"काही नाही हो. डोळे कोरडे आहेत."

सगळे माझ्या गालांकडे बघायला लागले.

"कोरडे? अहो, पाणी तर बदाबदा वाहतंय!"

"कोरडे पडले की पाणी येतं, पण ते टिकत नाही..." डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणत होतो मी! स्वतःला पटलं नव्हतं ते लोकांना पटवत होतो. कुणाला पटणार?

बबनराव वहिनींकडे, म्हणजे रोहितच्या आईकडे, बघून हळूच म्हणाले, "पोरगी द्यायचं मनात न्हाई वाटतं ह्यांच्या."

तेवढ्यात मंगल मदतीला धावली. देव करो आणि अशी मदत वैऱ्यालाही न मिळो. "अहो, गैरसमज नको. हे रडणाऱ्यातले नाहीतच. माझे सासरे गेले तेव्हासुद्धा यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही!"

झालं! म्हणजे बाप गेला तेव्हा न रडलेला माणूस आमचं घर बघून रडतोय! वहिनींनी पदर सावरला. रोहित सायलीकडे बघतोय, सायली माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती.

आता तरी गप्प बसावं की नाही? पण वातावरण हलकं करायला मी हसत हसत म्हणालो, "तुमच्या घरातल्या हवेतच मिरची असेल!"



बबनराव सावकाश उठले. "साहेब, मिरची गाळ्यावर असती आमची. घरात न्हाई. तिच्यावरच पोरं शिकवली आम्ही. तुम्हाला आवडत नसंल तर सरळ सांगा, रडताय कशापायी? आम्ही कळवतो तुम्हाला."

"आम्ही कळवतो" म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

परतताना गाडीत सायली खिडकीकडे तोंड करून बसली होती. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "थेंब घालायचे होते, बाबा. माझ्यासाठी तेवढंही नाही जमलं तुम्हाला?"

पोरगी खोलीत गेली, दार लागलं. जेवायलासुद्धा आली नाही. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

मुकाट्यानं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लालीचे थेंब कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि विचारलं, "टाकी भरायची का आता?" मी मान हलवली. शेक सुरू केला, पंखा कमी केला, थेंब वेळच्या वेळी. डोळे हळूहळू निवळले. सायली मात्र कामापुरतंच बोलत होती.

मग एका सकाळी थेंबांची बाटली खिशात घालून मार्केट यार्ड गाठलं. बबनरावांच्या गाळ्यावर मिरचीची पोती उतरत होती. शिरल्याबरोबर मला ठसका, शिंका, काय विचारू नका. बबनराव गादीवर बसून उपरण्यानं डोळे चोळत होते. लालभडक! डोळ्यांतून पाणी!

मी म्हणालो, "बबनराव, पोरगी द्यायचं माझ्या मनात आहे. मी वाईट बोललो, चूक माझी, शिक्षा पोरांना नको. आणि तुम्ही का रडताय?"

"रडतंय कोण? वाळू गेल्यावानी टोचतंय. सारखं पाणी."

"कोरडे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी उपरणं डोळ्यांवरून काढलं. मग असे गडगडून हसले, की हमालांनी पोती खाली ठेवली. "म्हंजे खरंच असतंय व्हय असं काही?" त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लग्न ठरलं!

पण थांबा, खरी फजिती पुढेच आहे.

लग्न छान पार पडलं. पाठवणीची वेळ आली. सायली मंगलच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याजवळ आली. "तुम्ही नाहीच रडणार, माहितीये मला," म्हणाली आणि हसली. आणि काय झालं कोण जाणे, आत काहीतरी तुटलं. वडील गेले तेव्हाचंसुद्धा सगळं वर आलं. मी रडायला लागलो. खरोखरचं, हुंदके देऊन!

"अरे, साहेबांचे डोळे!" बबनराव गर्दीतून धावत आले. आता ते या विषयातले तज्ज्ञ ना! "मान मागं करा!"

"बबनराव, मी रडतोय हो!"

"ठाऊक हाय, कोरडे पडलेत. हलू नका!" त्यांनी माझी हनुवटी धरली, झब्ब्याच्या खिशातून आपली बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत भरपूर थेंब सोडले. "आता मिटा पापण्या. उघडायच्या न्हाईत!"

"बाबा, थेंब विसरू नका हं," सायलीचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा सायलीची गाडी कार्यालयाच्या फाटकाबाहेर पडली होती.