बर्थाचे ओठ

बर्था ऑर्मरॉडच्या जिभेला हाड नव्हतं, आणि कामावर असताना आवाजही नव्हता. आमच्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांचा खडखडाट इतका, की कानाशी ओरडलं तरी फुकट. म्हणून आम्ही विणकर बायका तोंड ताणून, भुवया उडवून नुसत्या ओठांनी बोलायचो. बर्था तर शेडच्या या टोकावरून त्या टोकाला गावातली लग्नं जमवायची आणि मोडायची.

मग गिरणी बंद पडली आणि त्याच शेडमध्ये विमानांची जेट इंजिनं बनू लागली. माग गेले, गोंगाट उलट वाढला. बर्था आणि मी इंजिनाच्या चक्रावर पाती बसवायला लागलो. काचेपलीकडच्या खोलीत इंजिन चाचणीला सुरू झालं, की छपरावरची धूळ खाली यायची आणि बर्थाचे ओठ सुटायचे.

लढाऊ विमानांसाठी केलेलं ते इंजिन आता प्रवासी विमानांना बसणार होतं. "इतके दिवस लोकांना लढाईवर धाडलं, आता सुट्टीवर धाडेल," बर्था म्हणाली. पण लष्कराची मागणी घटली, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं हे ठरवायला हॅलम नावाचे नवे साहेब आले. तोलूनमापून बोलणारे, झुपकेदार मिशीचे. बर्थाच्या नवऱ्याची, स्टॅनलीची, छाती कापसाच्या धुळीने कामातून गेलेली. घर हिच्या पगारावर. तिने गप्प बसायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नसतं.

इंजिन गरजलं आणि हॅलमसाहेब समोरून चालत गेले, की ती लांबून मला सांगायची, "बघ विनी, अंडं अडकलेलं बदक निघालं." नाहीतर, "मिशी आहे की पायपुसणं?" इंजिन थांबलं की हीच बया गोड आवाजात, "साहेब, चहा आणू का?" हसू दाबून माझं पोट दुखायचं.

एक दिवस विमान कंपनीचे पाहुणे आले. इंजिन सुरू झालं. "त्यांना खुर्ची तरी दे की, पायपुसण्या," बर्थाचे ओठ म्हणाले.

काचेकडे तोंड करून उभे असलेले हॅलमसाहेब सावकाश वळले. तिच्याकडे बघून त्यांनी जबडा ताणला, भुवया उडवल्या आणि अस्सल विणकर बाईसारखे बिनआवाजी बोलले, "माझी आई नेल्सन गावच्या गिरणीत मागावर होती, बाई. मिशी तिलाही आवडत नव्हती."

बर्थाच्या हातातलं पातं खाली पडलं. साहेबालाही आई असते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी तिला बोलावणं आलं. तिचा कोट धरून मी बाहेर थांबले. मला रडू येत होतं. तिच्याशिवाय त्या शेडमध्ये मी मुकी झाले असते.

ती बाहेर आली. "काढलं?" मी विचारलं.

"नाही गं. काचेपाशी उभं केलंय. इंजिन चालू असताना आतले लोक काय म्हणतात, ते बाहेर सांगायचं. आणि पाहुणे आपसात काय पुटपुटतात, ते हळूच साहेबाला कळवायचं." कोट चढवत ती म्हणाली, "मेला म्हणतो, आई गेल्यापासून मला असं कुणी बोललंच नव्हतं. म्हणून इतके दिवस गंमत बघत होता."

सोमवारी हॅलमसाहेब मिशी काढून आले. इंजिन सुरू झालं. ते माझ्याकडे पाठ करून काचेसमोर उभे राहिले, शेजारी बर्था माझ्याकडे तोंड करून. मी ओठांनी म्हटलं, "त्यापेक्षा पायपुसणं बरं होतं."

साहेब वळले नाहीत. बर्थाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणतोय," तिचे ओठ हलले, "विनी, काचेत तूही दिसतेस."