साळवेमामा आणि लाखेची भातुकली

साळवेमामांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा मी बायकोची भातुकली थिनरमध्ये बुडवत होतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी स्टोअरचा कारकून. थिनरचे डबे माझ्याच ताब्यात. सुलभा बाळंतपणाला पिशोरला भावाकडे गेलेली. तिच्या आईमागं तिच्याजवळ उरली होती ती ही लाखेच्या रंगाची लाकडी भातुकली: चूल, जातं, पोळपाट, बोटभर लाटणं. तिच्यावर मळाची पुटं चढलेली. बायको परत येईतो चकचकीत करून ठेवावी, असा माझा बेत. मळ निघाला. मळामागोमाग लाल गेला, पिवळा गेला, आणि हातात जात्याचं नुसतं लाकूड राहिलं.

मामा पेंट शॉपमधले जुने रंगारी. थिनर न्यायला आले होते. त्यांनी जातं उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी शिकलेले, म्हणून इतकं झालं. अडाण्यानं पाण्यानं धुतलं असतं."

मामांची एक खोड होती. काहीही रंगवायला दिलं की ते विचारत, "आधी काय व्हतं?" मॅनेजरनं फाटक हिरवं करायला सांगितलं, तरी हाच प्रश्न. तुला काय करायचंय, असं मॅनेजर करवादला की म्हणायचे, "मला नाय साहेब, रंगाला लागतं." त्यांनी दिलेला रंग पोपडे धरत नसे, हे मात्र खरं. दिवसभर फवाऱ्यापुढं उभं राहून आवाज बसलेला. संध्याकाळी उलट्या ड्रमवर टेकायचे ते पोतं टाकल्यासारखे.

सुलभा यायच्या आत रंगवून द्या, म्हणून मी त्यांच्या मागं लागलो. त्यांनी आपला प्रश्न विचारला. चार वर्षं घरात असलेल्या त्या चुलीची किनार पिवळी होती की हिरवी, मला सांगता येईना. बाईंना विचारा, मग देतो, म्हणाले. बायकोला विचारण्याची छाती असती तर मी कारकून कशाला झालो असतो? मी दुसरी वाट धरली: तशीच जुनी, अस्सल भातुकली शोधायची. दर रविवारी शहागंजातली भंगाराची दुकानं पालथी घातली. एका रविवारी मामांनाही ओढून नेलं, आणि नेमकी तेव्हाच सापडली. तसाच लाल, तेवढंच जातं. "ले लो साब, असली लाख है," दुकानदार म्हणाला. मी त्याला मिठी मारायचंच बाकी होतं.

मामांनी जातं उलटंसुलटं करून पाहिलं. "माल चांगला हाय. पण हे दुसऱ्या कुण्या पोरीचं हाय."

मी हसलो, विकत घेतली आणि सुलभाच्या ट्रंकेत ठेवून दिली.

मुलीला घेऊन सुलभा आली. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, जातं हातात घेतलं आणि विचारलं, "आईचे ठिपके कुठं आहेत?" तिच्या आईनं काडेपेटीच्या काडीनं जात्याभोवती पांढरे ठिपके दिलेले होते. मळाखाली ठिपके होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पुढं दोन दिवस मला जेवण मिळालं, शब्द मिळाला नाही.

शेवटी मामांना घरी आणलं. ते जमिनीवर उघडं लाकूड मांडून बसले. "बाई, आधी काय व्हतं?" सुलभा माझ्याशी बोलत नव्हती, त्यांच्याशी बोलू लागली. एवढा लाल नाही, जरा काळसर, वीटकरीकडे जाणारा. मामा मिसळत, ती मान हलवी, मामा पुन्हा मिसळत. असे तीन रविवार गेले. ठिपक्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"हे मी देणार नाय. आईचे हायत, लेकीनं द्यावेत."

सुलभानं काडेपेटीची काडी पांढऱ्या रंगात बुडवली. ठिपके वाकडे आले. "आईचेही वाकडेच होते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. विकत घेतलेली भातुकली मामांनी मला परत शहागंजात नेऊन द्यायला लावली. जिची आहे तिला गवसू द्या, म्हणाले.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर जे पेटलं, त्यात मामांचं गावाकडचं घर गेलं, एवढं मी ऐकून होतो. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, जुन्या नावात काय वाईट होतं? वरणात पोळी बुडवत मी मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली, ते माझं मलाही सांगता येणार नाही. तशी मान हलवण्यात माझा हातखंडा आहे. मागच्या बाकावर मामा होते. दुपारी त्यांनी रोजच्यासारखा अर्धा चहा माझ्यापुढं सरकवला. मी काहीबाही पुटपुटायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. लई दमलोय. तुमाला समजावत बसायचं आज होत नाय."

ते 'आज' कधी उलटलं नाही. वर्षं गेली, नाव बदललं, मामा निवृत्त झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या खोलीवर मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. दाराच्या आतल्या बाजूला हातभर जागेत निळ्या रंगाचे तळहाताएवढे चौकोन होते. वीसेक असतील, एकासारखा दुसरा नाही. मी बघत राहिलो तशी मामी म्हणाल्या, "गावाकडचं दार तसलं व्हतं, सासऱ्यानं रंगवलेलं. जळालं. ह्ये सुट्टीला डबा घेऊन बसायचे. म्हणायचे, जवळ आलंय, पण त्यो नाय."

स्टोअरमध्ये माझ्या मागच्या कपाटात रंगांची सगळी शेडकार्डं असायची. नुसत्या निळ्याचीच दोन पानं. किल्ली माझ्याकडे. मामांनी ती कार्डं कधी मागितली नाहीत, आणि तुमच्या दाराला आधी काय होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.