तात्या, तीन शहाणे आणि कडुलिंबाची सावली

माळ्यावर रिकामे डबे साठतात, तसे आमच्या घरात किस्से साठले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत, पण टाकवतही नाहीत. फरक एवढाच, की डबे पाहुण्यांना दिसत नाहीत. किस्से मात्र आमचे हे स्वतःच खाली काढतात. पाहुणे पोट धरून हसतात आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी! हसू आवरत नाही म्हणून नव्हे हो. लाज वाटते म्हणून.

हे म्हणजे माझे यजमान. धुळ्यात सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. देवपूरकडे आमची लहानशी कॉलनी, बैठं घर, आणि अंगणात कॉलनीतला एकुलता एक मोठा कडुलिंब. त्याच्या आडव्या फांदीला दर आखाजीला झोका बांधायचा. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खान्देशातल्या बायकांची खरी दिवाळी हीच. लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. माझं माहेर आईवडिलांबरोबरच संपलं होतं. मला न्यायला मुराळी येणार नव्हता. कॉलनीतल्या बायका त्या झोक्यावर जमायच्या तेच माझं माहेर.

आणि त्याच झाडाखाली ह्यांनी एके दिवशी कासव आणून ठेवलं!

*

बैलगाडीचं चाक जाऊन त्या कासवाच्या पाठीला चीर पडली होती. "बरं झालं की सोडू," हे म्हणाले. बरं झालं, पण सोडलं नाही. त्याचं नाव पडलं तात्या.

तात्याच्या मागोमाग दोन माणसं आली. एक नाना, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी धरणगावच्या एका जिनिंगमधून कापसाच्या ढिगात जखमी झालेली धामण घरी आणली होती. दुसरे सुदामभाऊ टेलर. त्यांच्याकडे प्राणी नव्हता, हौस होती. तिघांनी मिळून मंडळ काढलं. नाव काय, तर 'थंड रक्त मंडळ'! लोक मला विचारायचे, "वैनी, भाऊ कोणत्या मंडळात आहेत?" मी सांगायची, "भजनी."

मंडळाचा पहिला नियम असा, की कासवाला सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, पण सावली हाताशी हवी. धुळ्याचं ऊन म्हणजे तापलेला तवा, चूक चालणार नाही. म्हणून ह्यांनी काय करावं? सकाळी अंगणात उतरून कडुलिंबाच्या सावलीभोवती पांढऱ्या फक्कीची रेघ मारली! एकदम सफाईदार, ड्राफ्ट्समनच ना. "एवढा सेफ एरिया," म्हणाले आणि ऑफिसला गेले.

दुपारी जेवायला आले, तर रेघेच्या आत रखरखीत ऊन आणि तात्या गायब. तो बिचारा सावलीबरोबर चालत चालत शेजारच्या कुंपणाला जाऊन बसला होता. तिघे त्या रेघेकडे बघत उभे राहिले. नानांनी चष्मा पुसला, झाडाकडे पाहिलं. शेवटी हे म्हणाले, "रेघ बरोबर आहे. सावली चुकली!"

कुंपणावर शेजारणी होत्या. मला घरात शिरायला दार सापडेना.

*

धामणीची पेटी आठवड्याला धुवायची असायची. नानांच्या घरी सावली नाही, म्हणून हा सोहळाही आमच्या ओट्यावर. तेवढ्या वेळापुरती धामण ठेवायला सुदामभाऊंनी सुती कापडाची पिशवी शिवली. हवा खेळती राहावी म्हणून कापड जरा विरळ हवं होतं. ते त्यांना कुठे मिळालं? माझ्या उशांच्या अभ्र्यांतून उरलेलं!

त्या दिवशी पेटी धुणं चालू होतं. पिशवी ओट्यावर, सावलीत, तोंड बांधून. इस्त्रीवाला आला, नेहमीसारखी कपड्यांची बोचकी उचलली, वर अभ्र्याचं बोचकंही उचललं आणि गेला.

थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाला आरडाओरडा झाला. आम्ही धावलो. धामण इस्त्रीच्या टेबलावर आणि इस्त्रीवाला शेजारच्या पत्र्यावर! नाना खालून हात जोडून ओरडले, "घाबरू नका, ती बिनविषारी आहे!"

पत्र्यावरून उत्तर आलं, "तिले सांगा, मी बी बिनविषारी शे!"

तो माणूस पुन्हा कॉलनीत आला नाही. ऐन मे महिन्यात बायकांना घरी इस्त्र्या कराव्या लागल्या. मला कुणी काही बोललं नाही. नुसतं बघत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

तरी मंडळाची कीर्ती पसरली म्हणायची! जळगावच्या एका शाळेतून बोलावणं आलं. उन्हाळी शिबिरात व्याख्यान, विषय 'उन्हाळ्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची काळजी'. सुदामभाऊंच्या मेहुण्याची अँबेसिडर मिळाली. तात्यासाठी भोकं पाडलेलं खोकं, आत ओलं गोणपाट, सगळी जय्यत तयारी.

एरंडोलला चहासाठी गाडी थांबली. मंडळाचा दुसरा नियम असा, की उन्हाळ्यात उभ्या गाडीत प्राणी एकटा सोडायचा नाही. नियम चांगला. म्हणून नाना आणि सुदामभाऊ चहाला गेले आणि हे तात्याजवळ बसले. बाहेर लू वाहत होती. गोणपाट सुकायला लागलं, तसा ह्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा ओला पंचा काढून खोक्यावर घातला. पिण्याचं पाणीही खोक्यावरच शिंपडलं.

जळगावला व्याख्यान नानांनी दिलं. तात्या टेबलावर ऐटीत. आणि ठरलेले व्याख्याते, म्हणजे आमचे हे, दवाखान्यात, सलाइन लावलेले!

मी निरोप मिळताच एसटीने जळगाव गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्या उन्हात हे काय करत होते?"

खोटं सुचेना. म्हटलं, "कासवाला ऊन लागू नये म्हणून बसले होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. "आणि कासव?"

"मजेत आहे."

"मग पुढचा सल्ला त्यालाच विचारा," डॉक्टर म्हणाले.

*

आता अक्कांचं सांगते. अक्का आमच्या शेजारीण, कॉलनीत सगळ्यांत मोठ्या. त्यांनी हो म्हटलं की बायका हो म्हणत. बोलणं सगळं अहिराणीत. आदल्या वैशाखात त्यांचे यजमान, आबा, गेले. फाटकाशी भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. डोळा लागला, आणि ऊन कधी अंगावर आलं ते कुणाला कळलं नाही. अक्का आत भाकरी टाकत होत्या. पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर त्या फाटकाशी बसत नसत आणि कुणाशी धड बोलतही नसत.

तर अशा अक्कांनी अंगणात बिबड्या वाळत घातल्या होत्या. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. करायला दोन दिवस जीव काढतात. मोठं धोतर पसरून त्यावर हिरव्या मिरचीच्या, तिळाच्या, ओल्या ओल्या बिबड्या. आणि आमचे तात्या कुंपणाखालून निघाले ते थेट त्या धोतरावरून, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत!

"ओ बाई!" अक्कांची हाक गल्लीभर गेली. "तुनं कासव मन्या बिबड्या तुडवी गयं! बठ्ठ्या वाया गयात!"

मी हात जोडून माफी मागतच होते, तोवर हे बाहेर आले. तात्याला उचललं, उलटं करून त्याचे पाय बघितले, आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "अक्का, ह्यांत मीठ किती घातलंय हो? त्याला मीठ चालत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात. नाही घेत! मी वाट बघितली.

अक्का म्हणाल्या, "आखाजीले त्या झोकावर मी काय, मनी चप्पल बी येवाव नही!"

*

आणि नाहीच आल्या. त्या आखाजीला मी झोका बांधला, दोराला झेंडूची फुलं लावली, सांजोऱ्या करून ताट झाकून ठेवलं. एक बाई आली नाही. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी लोखंडी अँगलला दोर बांधला होता, तिथून गाण्याचा आवाज येत होता. मी रिकाम्या झोक्याचा दोर धरून उभी.

सुदामभाऊंना माझं तोंड बघवेना. बिचारे जवळ येऊन हळूच म्हणाले, "वैनी, झोका रिकामा नको. तात्याला बसवू का?"

त्या दिवशी मी रडले. आणि ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले, कितीतरी दिवस.

*

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी मी अक्कांच्या पाया पडले. "अंगणात एकही जनावर दिसणार नाही, माझा शब्द." अक्का एवढंच म्हणाल्या, "पाहू."

घरी येऊन मंडळाला ताकीद दिली. तिघांनी माना डोलावल्या. आखाजीच्या सकाळी धामण नानांच्या घरी कुलपात, आणि तात्यासाठी घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीच्या गार सावलीत विटांचं गोल रिंगण. ह्या वेळी रेघ नाही, विटा! म्हणजे तात्या बाहेर येऊन कुणाला घाबरवणार नाही. तिघेही खुशीत पत्ते कुटायला गेले. आखाजीला आमच्याकडे पुरुषांनी पत्ते खेळायचे, हा जणू धर्मच.

आणि बायका आल्या! एक आली, मागे दुसरी, मग लेकीबाळी. पाचोऱ्याहून माहेरी आलेली एक नवी नवरी आली. शेवटी अक्का आल्या. झोक्याजवळ नाही, कुंपणाशी, आपल्या ओट्याला टेकून उभ्या. त्यांच्या ओट्यावर आबांच्या नावाची घागर भरून ठेवलेली होती. लाल मातीची घागर, वर लोटा, त्यावर आंबा. आखाजीला गेलेल्या माणसासाठी अशी पाण्याची घागर भरतात. ते पाणी त्याला पोचतं म्हणतात.

गाणी सुरू झाली. बायकांनी मलाच आधी झोक्यावर बसवलं. काय सांगू! दोन वर्षांची लाज त्या वाऱ्यात उडून चालली होती. झोका उंच गेला. इतका उंच, की घराच्या कोपऱ्यापलीकडचं दिसलं.

न्हाणीघराची भिंत दिसली. भिंतीची सावली कुठेच नव्हती. पांढऱ्या उन्हात विटांचं रिंगण, आणि आत काही हलत नव्हतं.

झोका खाली आला, परत वर गेला. ओरडले तर संपलं सगळं, हे मला कळत होतं. अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

मी चालत्या झोक्यावरून उडी मारली. "तात्या उन्हात राहिले! तात्या उन्हात राहिले!" ओरडत नव्या साडीचा काष्टा खोचत धावले. मागून ती पाचोऱ्याची नवरी घाबरून विचारतेय, "सासरे का हो ह्यांचे?"

विटांना हात लावला तर चटका बसला. तात्याची मान लांब बाहेर, तोंडाला फेस. मी त्याला उराशी धरून अंगणात आणलं आणि झोक्याखाली सावलीत ठेवलं. बायका मागे सरकल्या. हेही पत्ते हातात तसेच घेऊन पळत आले. कुणीतरी म्हणालं, "फ्रिजमधला बर्फ आणते!"

"बर्फ नको!" हे ओरडले. "साधं मातीच्या भांड्यातलं पाणी. हळूहळू!"

मी माठाकडे धावले, माठ तळाला. एवढ्या बायकांनी पाणी प्यायलेलं. नळाची त्या दिवशी पाळी नव्हती. ह्यांनी कोपऱ्यापलीकडे न्हाणीघराच्या दिशेने बघितलं, आणि ओठ हलले, "सावली..."

"चुकली ना?" मी म्हटलं. मला रडू फुटलं. तात्यासाठी फुटलं का बायकांसमोर परत शोभा झाली म्हणून, ते तेव्हाही कळलं नाही.

एवढ्यात बायका बाजूला झाल्या. अक्का येत होत्या. कमरेवर घागर.

त्या खाली बसल्या. आंबा काढून बाजूला ठेवला, लोटा भरला आणि तात्याच्या पायांवर, मानेवर, पाठीच्या चिरेवर धार धरली. एक लोटा, मग थांबून दुसरा. झोका रिकामाच हलत होता. घागर निम्मी झाली, मग तळाला गेली. शेवटचं पाणी अक्कांनी ताटलीत ओतून त्याच्या तोंडापाशी सरकवलं.

बऱ्याच वेळाने तात्याने डोळे उघडले. मान पुढे केली आणि ताटलीतलं पाणी पिऊ लागला.

मागून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, अहो, ती आबांची घागर ना!"

अक्का तात्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, झोक्यावर जाऊन बसल्या आणि दोन्ही दोर घट्ट धरले.

"पोचनं त्याले पानी," त्या मला म्हणाल्या. "आते उभी काय राहिनी? झोका दे मले!"