साहेबाची डावी टाच

त्याआधी मी कॅमेऱ्यानं फक्त लग्नं आणि शाळेतले वर्ग टिपले होते. तिथं माणसं माझ्या सांगण्यावरून श्वास धरून बसायची. पूर्णेच्या माळावर रेल्वेच्या साहेबांचा गोल्फचा सामना होता आणि माझ्यासाठी कुणी थांबत नव्हतं. चेंडू उडून गेल्यावरच माझं बोट कळ दाबत होतं. रोलमधले आठपैकी सहा फोटो असेच गेले.

शेजारी एक धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. एरवी त्याची मेंढरं हेच गवत खायची; आज त्यांना लांब अडवलं होतं. माझी तारांबळ बघून तो म्हणाला, "चेंडूकडं बघून कशाला बेजार व्हायलाव? साहेबाची डावी टाच बघा. काठी मागं नेताना उचललेली टाच टेकली की दाबा. मेंढरू बी पळायच्या आधी पाय रोवतंय."

टाच टेकली. मी कळ दाबली. फोटो मिळाला, हे मला तिथंच कळलं.

शेवटचा फोटो त्या धनगराचाच काढावा म्हणून वळलो, तर तो हसला. "माजा कशाला? मी कुटं पळून चाललोय? रोज हितंच हाय."

मग तो शेवटचा फोटोही मी साहेबाचाच काढला.

पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा माळाला काटेरी तार होती आणि आत गवत कापायचं यंत्र फिरत होतं.